पोरं विसरणारी अक्का

"वं माय, इसरी गऊ मी!"

उजव्या हाताचा तळवा कपाळावर, डोळे मोठे, आणि लगोलग पदर तोंडाशी. अक्का काही विसरल्या की हा असा सोहळा व्हायचा. पदर कशाला, तर हसू दिसू नये म्हणून. एरवी बोर्डिंगच्या मेट्रनला शोभेल असं स्वच्छ मराठी बोलायच्या, पण खोटं बोलायचं झालं की माहेरच्या अहिराणीत शिरायच्या. तुम्ही त्यांना चार दिवस पाहिलं असतं ना, तर तुम्हालाही कळलं असतं की या बाईची आठवण लोखंडासारखी पक्की आहे आणि विसरण्यात तिचा काहीतरी डाव आहे. मला कळायला मात्र वर्ष गेलं. आम्ही शिंपी लोक मान खाली घालून बसलेले, आम्हाला माणसाची फक्त मापं कळतात.

माझं दुकान धुळ्यात चर्चच्या कंपाउंडला लागून होतं. कंपाउंडात चर्च, शेजारी पाळकांचं घर, आणि मागे लांबलचक कौलारू इमारत. तिला सगळे बोर्डिंग म्हणायचे. तिथं राहून शाळा शिकणारी पोरं थोडी होती, बाकीची ज्यांना जगात कुणीच नाही अशी. कुणाची आई बाळंतपणात गेलेली, कुणाला दवाखान्याच्या पायरीवर ठेवून कुणी निघून गेलेलं. ऐंशी सालानंतरची गोष्ट सांगतोय मी. या सगळ्या पोरांच्या नाकाला रुमाल लावण्यापासून रात्री पांघरूण घालण्यापर्यंत एकच माणूस, अक्का.

आमची ओळख भांडणातून झाली. नाताळाच्या आधी सगळ्या पोरांना घेऊन त्या मापं द्यायला आल्या. मी म्हणालो, "अक्का, चांगला एक तागा घ्या, एका बैठकीत कापून टाकतो."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की माझ्या हातातली टेप खाली पडली. "टेलरभाऊ, माझी पोरं एका ताग्यातलं घालून रस्त्यानं निघाली की लोक काय म्हणतात माहीत आहे? ती बघा अनाथांची रांग चालली. मला रांग नको. प्रत्येकाला वेगळं कापड पाहिजे."

"अहो, पण माझा जीव जाईल तेवढं वेगवेगळं कापता कापता!"

"नाही जात. मी प्रार्थना करीन तुमच्यासाठी."

झालं. सगळा डिसेंबर मी फुलं, चौकड्या, रेघा, ठिपके कापत बसलो आणि मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोललो. नाताळच्या सकाळी पोरं चर्चकडे निघाली तेव्हा दुकानाच्या फळीवर उभा राहून पाहिलं. खरंच, कुणाच्या कुणाच्या घरची पोरं जमल्यासारखी दिसत होती. मी आत जाऊन बायकोला म्हणालो, "बाई हट्टी आहे, पण डोकं आहे तिला."

आता पुढचं ऐका. "सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा" असं आपल्याकडे म्हणतात. शिंप्याचं नाव त्यात का घातलंय ते तुम्हाला ठाऊक आहे, मी कशाला सांगू. कापड उरतं. माझ्याकडेही उरायचं आणि ट्रंकेत जाऊन बसायचं. अक्कांना त्या ट्रंकेचा सुगावा लागला. एक दिवस येऊन बाकावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्या पोस्टातल्या बाबूंनी निळ्या रेघांचा शर्ट शिवला ना तुमच्याकडे? त्यातलं उरलंय का काही?"

"उरलं असेल तर?"

"तीन वर्षांच्या पोरीचा फ्रॉक होईल का त्यात?"

कशासाठी, म्हणून विचारलं, तर पदर तोंडाशी गेला. मी फ्रॉक शिवला.

चर्चमध्ये तेव्हा एक पद्धत होती. रविवारी उपासना झाली की एकेका कुटुंबानं बोर्डिंगमधलं एकेक मूल जेवायला घरी न्यायचं, आणि चार वाजता अक्कांनी जाऊन ते परत आणायचं. त्या रविवारी निळ्या रेघांचा फ्रॉक घातलेली पोरगी निळ्या रेघांचा शर्ट घातलेल्या बाबूंच्या घरी गेली. चर्चच्या दारात जो भेटेल तो म्हणाला, "अरे वा, पोरगी अगदी तुमच्यासारखी दिसते हो!" बाबूंना लग्नाला बारा वर्षं होऊन मूल नव्हतं. असं कुणी त्यांना आजवर म्हटलंच नव्हतं.

चार वाजले. अक्का गेल्या नाहीत. सोमवारी गेल्या नाहीत, मंगळवारीही नाहीत. शेवटी बाबूंची बायको पोरीला कडेवर घेऊन फाटकाशी आली.

"वं माय, इसरी गऊ मी!" तळवा, कपाळ, पदर. "आण गं, घेते मी तिला."

"राहू द्या अक्का," ती बाई एक पाऊल मागे सरकली. "आज जरा सर्दी वाटतेय तिला. उद्या बघू."

तो उद्या काही उगवला नाही. पोरगी त्या घरची झाली आणि मी दुकानात बसून एकटाच हसलो.

असं एकेक पोर अक्का विसरत गेल्या. कुणाच्या साडीच्या ब्लाउजपीसमधून झबलं, कुणाच्या पॅन्टमधून चड्डी. कुठल्या घरात कुठलं पोर शोभेल याचा विचार त्या महिना महिना करायच्या, आणि कापड मागायला आल्या की मला आधीच कळायचं की कुणाच्या घरी पाळणा हलणार. त्या घरच्यांना स्वतःला पत्ता नसायचा! भुसावळच्या रेल्वे कॉलनीत इंजिनावरच्या एका फायरमनच्या घरी, धरणगावला शिक्षक जोडप्याकडे, जळगावला एका नर्सबाईंकडे, अशी सणासुदीला धुळ्याच्या चर्चला येणाऱ्या पाहुण्यांबरोबर पाठवून सगळ्या खानदेशात अक्कांनी पोरं विसरून ठेवली. त्यांची सगळ्यांवर नजर असायची बरं का. एका घरी नेलेली पोरगी तासाभरात भांडी घासायला बसलेली दिसली. त्या घरी मात्र अक्कांना ताबडतोब आठवण झाली. हाताला धरून पोरीला घेऊन आल्या आणि येता येता त्या घरच्या बाईला शुद्ध मराठीत असं काही सुनावलं की गल्लीनं खिडक्या उघडल्या.

कायद्याची भानगड वेगळीच होती. त्या काळी ख्रिस्ती माणसाला हिंदूंसारखं दत्तक घेता येत नसे. कोर्टात जाऊन पालक म्हणून नेमून घ्यायचं, आणि तेही पोर एकवीस वर्षांचं होईपर्यंतच. लोक बिचकायचे. पोस्टातले बाबूही वकिलाकडून आले तेव्हा तोंड उतरलेलं. अक्का म्हणाल्या, "बाबू, कोर्टाचं एकविसाला संपतं. तुमची आई तुम्हाला एकविसाला सोडून गेली का?" बाबूंची आई तेव्हा ऐंशीची होती आणि अजून त्यांना रागवायची. त्यांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज केला.

मग एका वर्षी बातमी आली की बोर्डिंग बंद होणार. बाहेरून यायची ती मदत थांबली होती, कौलं गळत होती. चर्चच्या पंचकमिटीनं ठरवलं की उन्हाळ्यात शाळा संपली की राहिलेली पोरं पुण्याकडच्या एका मोठ्या संस्थेत पाठवायची. संस्थेची जीप मे महिन्यात येऊन घेऊन जाईल. मुली एका गावी, मुलगे दुसऱ्या गावी, अशी तिथली व्यवस्था.

अक्का माझ्या दुकानात येऊन बसल्या. मी चहा मागवला, तो तसाच निवला. "टेलरभाऊ, मेपर्यंत बोर्डिंग रिकामं करायचं. जीप आली पाहिजे आणि तशीच परत गेली पाहिजे."

"आणि तुमचं काय? तुमची खोली पण जाणार."

"माझं कुठं काय अडलंय? कापड काढा."

त्यानंतरचे महिने मी ट्रंक उपसत होतो. मार्च आला तेव्हा बोर्डिंगात दोनच पोरं उरली, आणि घोडं अडलं ते तिथंच. सरला नऊ वर्षांची आणि तिचा भाऊ इम्मू चार वर्षांचा. आईबाप कापसाच्या जिनिंगवर मजुरीला होते, दोघं एकाच साथीत गेले. इम्मूच्या एका पायात पोलिओमुळे लोखंडी कॅलिपर, चालला की करकर वाजायचा. सरलाला न्यायला चार घरं तयार होती, "मोठी आहे, हाताखाली येईल" म्हणून. इम्मूला कुणी नको. अक्कांनी चौघांनाही वाटेला लावलं. "दोघं, नाहीतर एकही नाही." सरला तर त्याहून पक्की. कुणाच्याही घरी जेवायला जाताना भावाचे आणि स्वतःचे कपडे एका फडक्यात बांधून न्यायची आणि जेवताना गाठोडं मांडीवर ठेवायची. एकाला ठेवून दुसऱ्याला कुणी पाठवू नये म्हणून. कितीही समजावलं तरी सोडायची नाही.

जीप आली तर ही बहीण एका गावी आणि तो भाऊ दुसऱ्या. अक्कांना दुसरं काही सुचेना. त्यात त्यांची विद्या आता सगळ्यांना कळून चुकली होती. अक्का कापडाकडे नुसत्या बघत राहिल्या तरी लोक शर्ट झाकायचे.

आणि ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी या दोघांना जेवायला न्यायची पाळी आली ती हेडमास्तरांची.

हेडमास्तर म्हणजे पंचकमिटीचे अध्यक्ष. बोर्डिंग बंद करायचा ठराव त्यांनीच मांडलेला. रिटायर झाले होते तरी घरात शाळा चालू होती. घड्याळ पाहून चहा, घड्याळ पाहून प्रार्थना, चपला एका रेषेत. मूलबाळ नाही. बायको गरीब गाय, हळू बोलायची. त्या सकाळी पोरं शिंदीच्या झावळ्या हलवत चर्चभोवती फिरली, आणि उपासना सुटल्यावर हेडमास्तर दारातच सर्वांदेखत म्हणाले, "अक्का, चार वाजता न्यायला या. माझ्याकडे विसरायचं चालणार नाही."

"नाही विसरणार, सर," अक्का म्हणाल्या. शुद्ध मराठीत म्हणाल्या.

मी नंतर हळूच विचारलं, "काय अक्का, कापड काढू का?" तर मान हलवली. "नको हो. त्या घरात पोरं हसायची नाहीत." चारला दहा कमी असताना त्या खरोखर निघाल्या होत्या. फाटकाशी पोचल्या आणि तिथंच कोसळल्या. चार-पाच दिवस अंगावर ताप काढत होत्या, कुणाला सांगितलं नव्हतं. मी आणि पाळकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. टायफॉईड निघाला.

साडेचारला हेडमास्तर तणतणत बोर्डिंगकडे आले. स्वयंपाकीण म्हणाली, "अक्काले दवाखानामा नेलं." तर हेडमास्तर माझ्या दुकानासमोर उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "आता आजारपणाचं सोंग! बघतोच!" आणि सायकलवर टांग मारून दवाखान्याकडे गेले, रंगेहाथ पकडायला. तासाभरानं परत आले तेव्हा सायकल हातात धरून चालत होते. अक्का सलाईनवर होत्या, शुद्ध नव्हती. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बऱ्या होईपर्यंत राहतील मुलं आमच्याकडे. इलाज काय."

अक्का तीन आठवडे दवाखान्यात होत्या. त्या तीन आठवड्यांत मी जे पाहिलं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता.

पहिल्या आठवड्यात हेडमास्तर दुकानात आले. "तुमच्याकडे मशीनचं तेल असेल ना? थोडं द्या."

"कशाला, सर?"

"त्या मुलाच्या कॅलिपरला. फार करकरतो. वाचनात व्यत्यय येतो."

दुसऱ्या आठवड्यात परत आले. या वेळी इम्मू सायकलच्या दांडीवर, दोन्ही हातांनी घंटी वाजवतोय. "तेल," हेडमास्तर म्हणाले. मी म्हटलं, "सर, गेल्या आठवड्यात दिलं होतं ते पुष्कळ दिवस पुरतं." तर म्हणाले, "हा ओततो. सगळ्या घराला तेल घातलंय यानं. माझ्या चष्म्याला सुद्धा." असं म्हणून ते हसले! मी त्या माणसाचे दात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

तिसऱ्या आठवड्यात एक पुडकं घेऊन आले. उघडलं तर त्यांचा करडा सूट, लग्नातला. फक्त नाताळाला कपाटाबाहेर निघायचा. "यातल्या पॅन्टची एक हाफपॅन्ट करा. कॅलिपर आत जाईल अशी. आणि कोटाचं... मुलीचं एखादं जाकीट होईल का?"

"सर, चांगला सूट आहे हो!"

"नुसतं विचारत बसणार आहात की कापणार आहात?" ते ओरडले. मी कापायला घेतलं. कात्री चालवताना डोळ्यांपुढे धूसर होत होतं, हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही.

जीप येण्याच्या आदल्या दिवशी अक्का दवाखान्यातून सुटल्या. केस गळलेले, पायांत बळ नाही, आणि तशाच भर उन्हात थेट हेडमास्तरांच्या घरी. मी शिवलेले कपडे द्यायला तिथं ओट्यावरच होतो, म्हणून मला सगळं माहीत आहे.

"सलाम, सर." अक्का खांबाला धरून उभ्या राहिल्या. "तुमची माफी मागते. मी विसरले नव्हते हो. देवाशपथ, या खेपेला मी विसरले नव्हते."

"ठाऊक आहे. मी पाहून आलो होतो."

"उद्या जीप येईल. पोरांना द्या माझ्याकडे, एक रात्र तरी दोघांना जवळ घेऊन झोपते." आयुष्यात पहिल्यांदा हरलेल्या अक्का मी पाहत होतो.

आतून सरला बाहेर आली. वेणी घातलेली, तेलानं चापून. हेडमास्तरांच्या बायकोचा हात होता तो. मागून इम्मू आला, आवाज न करता.

"चल गं माय," अक्का म्हणाल्या. "तुझं गाठोडं कुठंय? घे."

सरलानं अंगणातल्या दोरीकडे पाहिलं. ते गाठोड्याचं फडकं धुऊन वाळत घातलेलं होतं, भांडी पुसायच्या फडक्यांच्या ओळीत. "गाठोडं सोडी टाकं मी," ती म्हणाली. "कपडा कपाटमा ठेवेल शेतस."

अक्का ओट्यावर मटकन बसल्या.

हेडमास्तर म्हणाले, "मुलं मिळणार नाहीत. वकिलाकडे मी परवाच जाऊन आलोय. कमिटीला काय सांगायचं ते अध्यक्ष सांगेल, आणि अध्यक्ष मी आहे." मग चष्मा काढून हातात धरला. "अक्का, साठ वर्षं मी या घरात घड्याळाचा आवाज ऐकतोय हो. आता ऐकूच येत नाही."

त्यांची बायको दारात उभी होती. ती गरीब गाय पुढे आली आणि मोठ्या आवाजात म्हणाली, "जीप आणा नाहीतर रणगाडा आणा, माझी पोरं कुठं जायची नाहीत!" आम्ही सगळे तिच्याकडे बघतच राहिलो. मग अक्का रडायला लागल्या, हसायला लागल्या, परत रडायला लागल्या, आणि इम्मू त्यांच्या मांडीवर जाऊन बसला आणि त्यांच्या डोक्यावरच्या तुरळक केसांवरून हात फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. कंपाउंड माणसांनी भरलं होतं. पोस्टातले बाबू आले होते, भुसावळहून फायरमन आला होता, जळगावच्या नर्सबाई आल्या होत्या, सगळे आपापली पोरं घेऊन. ड्रायव्हर उतरला, घाम पुसत म्हणाला, "पोरं कुठली न्यायची?"

"पोरं नाहीत," हेडमास्तर म्हणाले. आणि असे काही छाती काढून म्हणाले की जशी काय बोर्डिंग रिकामं करायची युक्ती पहिल्यापासून त्यांचीच होती.

ड्रायव्हर वैतागला. एवढ्या उन्हात आलो, रिकामा जाऊ का, म्हणाला. अक्कांनी त्याला आधी सावलीत बसवून कळण्याची भाकर, भरीत आणि कांदा वाढला. तो जेवतोय तोवर इकडे भांडण जुंपलं, अक्कांनी आता कुणाकडे राहायचं यावरून. बाबू म्हणतात आमच्याकडे, नर्सबाई म्हणतात जळगावला चला, हेडमास्तर म्हणतात पुढची खोली कालच झाडून घेतली आहे. मीही म्हटलं, आमचं घर लहान आहे पण आहे.

अक्का आत गेल्या आणि एक पत्र्याची पेटी घेऊन बाहेर आल्या. ती ड्रायव्हरच्या हातात दिली. "रिकामा कशाला जातोस, दादा? मला ने."

हे फक्त पाळकांना माहीत होतं, त्यांनीच संस्थेशी बोलणी केली होती. हेडमास्तर पुढे झाले. "अक्का, हे काय? या तब्येतीत? अहो, आता तरी विश्रांती घ्या."

"सर, तिकडे शंभराच्या वर पोरं आहेत म्हणे." अक्कांचे डोळे मी पाहिले. दवाखान्यातून कालच आलेल्या बाईचे नव्हतेच ते. "आणि त्या बाजूला चर्चही पुष्कळ आहेत. लोकांची घरं मोठमोठी आहेत."

आधी कुणाला कळलं नाही. मग कळलं, आणि हेडमास्तरांपासून सगळे जे हसायला लागले, ते डोळे पुसतच हसत राहिले. अक्कांनी एकेका पोराचा मुका घेतला. सरला रडली नाही. तिनं अक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठून भावाला कडेवर घेतलं. जीप फाटकातून बाहेर पडली, आग्रा रोडकडे वळली. आम्ही धूळ बसेपर्यंत तिथंच उभे.

त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. काही वर्षांनी त्या गेल्याचं पाळकांनी सांगितलं.

पण मला तो जीप गेलेला दिवस आठवतो. संध्याकाळी दुकान बंद करून मी कंपाउंडच्या भिंतीशी उभा राहिलो. गावातल्या घराघरांतून दिवे लागत होते, आणि ती लांबलचक इमारत काळोखात उभी होती. बोर्डिंगच्या एकाही खिडकीत दिवा नव्हता. तिथं झोपायला कुणी उरलंच नव्हतं. तो अंधार पाहून मला जेवढा आनंद झाला, तेवढा मला कुठल्या दिवाळीतही झालेला नाही.